पाझर तलावावर, गाडी बंद करून

पहाटे साडेपाचला जुन्या पेपरने काच पुसली.
दव बाहेरून, वाफ आतून.
किल्ली माझ्याकडे.
देविदास डाव्या सीटवर, कानाला मफलर, मांडीत थर्मास,
आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबत.

तीन वर्षं तो कालाहारीत होता,
नागपूरच्या कंपनीच्या बोअरच्या गाडीवर.
तेवढ्यात मी ही व्हॅन हप्त्याने घेतली,
दोनदा बांधावर चढवली,
तिसऱ्यांदा कारंज्याच्या बाजारातून रिव्हर्स काढली.
ते त्याने पाहिलेलं नाही.

"तिथं जूनमंदी हिवाळा राह्यते," तो सांगतो,
"तुमी इकडं पेरनीत, आमी तिकडं शेकोटीपाशी."
सुट्टीला कंपनीची जीप घेऊन
एकटाच वाळूत जायचा, ऑरिक्स पाहायला.
ऑरिक्स म्हणजे?
"रोहीच समज. शिंगं भाल्यावानी,
न् तोंड पोळ्याच्या बैलावानी रंगवेल."

पांदण संपते. तुरीच्या मागे माळ,
गुडघाभर कुसळी, वाळून गव्हाळ झालेली.
मचाणावरून कोणीतरी डबा बडवतो, हो-हो-हो,
आणि हरभऱ्यातून तीन रोही निघतात,
पळत नाहीत, चालत,
ओठांना आंब लागलेली.
डबा अजून वाजतोय. बहुतेक थंडीसाठी.

तलावापाशी त्याचे नियम सुरू होतात.
इंजिन बंद. काच अर्धी.
खाली उतराचं नाही. बोलाचं नाही.
हा चौथा त्याने कुठून आणला?
गेला तेव्हा तो झोपेतसुद्धा बोलायचा,
सासूबाई पलीकडच्या खोलीतून उत्तरं द्यायच्या.

एक तास काही नाही.
एक खोकड आलं, आमच्या चाकाचा वास घेतला, गेलं.
पाण्यावर धूर, धुरात एक बगळा,
माझी बोटं बधिर.
मला विचारायचं होतं, पुन्हा जाणार आहेस का,
कंपनीचा फोन आला होता ना परवा.
थर्मासचं झाकण कुरकुरलं
तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच उठवणार होते सगळा माळ.

मग उन्हं आल्यावर, वरून,
कुट्‌रो, कुट्‌रो,
आणि पखुर्ड्या उतरल्या,
मातीचीच ढेकळं, पंख फुटलेली.
माद्या पिऊन उडाल्या.
एक नर पाण्यात शिरला, पोट टेकवून बसला,
डोलत राहिला, डावीकडे, उजवीकडे,
कपडा भिजवावा तसा.

"पिल्लाईसाठी," देविदास कुजबुजला.
नियम त्यानेच मोडला.
"पोटाच्या पिसाईत पानी नेते. पिल्लं तिथूनच चोखतात.
तिथंबी हेच पाखरू, उलीसं येगळं.
आमचं मशीन घरघर करे दिवसभर,
न् हे आमच्या डोक्यावरून पानी घेऊन जाये."

तुमचे किती गेले कोरडे? मी विचारलं.
त्याने काचेवर वाफ सोडली,
बोटाने एक आकडा लिहिला,
मी वाचायच्या आत मफलरने पुसला.

नऊ वाजता किल्ली फिरवली.
खिर्र.
पुन्हा खिर्र. बॅटरी गारठलेली.
खाली उतराचं नाही, मी म्हटलं.
तो हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा, मला वाटतं,
किंवा मी आधीचं मोजलं नसेल.
उतरला, मागे गेला, खांदा लावला.
दुसऱ्या गिअरला क्लच सोडला,
व्हॅन खोकली, धरली,
आणि बंद पडायच्या भीतीने मी तशीच पळवली
थेट बाभळीच्या वळणापर्यंत.

आरशात तो येत होता, धापा टाकत,
दोन्ही पायांना कुसळं.
तेवढ्यात त्याच्या न् माझ्या मधून
काळविटांचा कळप निघाला,
वीस, पंचवीस, मग एक मागे राहिलेलं पाडस.
तो जागच्या जागी थांबला,
हात खाली सोडून, मान न वळवता,
तिकडे शिकला असेल तसा.

मी इंजिन बंद करू शकत नव्हते.